जय हिंद सर, मैं कामठी से बोल रहा हूँ

(1981 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला दोन महिन्यांपूर्वी फोन केला तेव्हा विषय दिला होता, 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. मी बँकेत 39 वर्षे काढली, तेव्हा हा विषय माझ्याकडे येणार हे ठरलेलेच होते. मी हो म्हणालो. चार पाने लिहिलीसुद्धा. मुदत ठेव, पोस्टाची योजना, वारसाचे नाव, मृत्युपत्र. मग ती पाने बाजूला ठेवली. कारण ती माहिती तुमच्या गावच्या शाखेतला कोणीही कारकून तुम्हाला देईल. मला जे सांगायचे आहे ते मी गेली पाच वर्षे कोणालाच सांगितले नव्हते. बायकोलाही मागच्या दिवाळीत सांगितले.

मला ऑनलाइन फसवले गेले. मी बँकेत अधिकारी असताना. आणि वस्तू काय विकत होतो, तर माझ्या बाबांची शिलाई मशीन.

माझे बाबा तुम्हाला आठवत असतील. मारेगावच्या बाजारात, किराणा दुकानांच्या ओळीत शेवटी, पत्र्याच्या टपरीत बसायचे. तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या खाकी चड्ड्या त्यांनी शिवल्या आहेत. जून महिना लागला की आमच्या घरात झोपायला जागा नसायची, सगळीकडे खाकी आणि पांढरे कापड. मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी हसले, त्याची चड्डी बहुतेक ऑगस्टात मिळाली असेल. बाबा उशीर करायचे, हे कबूल. पण शिवण उसवली तर पुन्हा शिवायचे पैसे घ्यायचे नाहीत.

बाबा 2018 मध्ये गेले. मशीन मी नागपूरला आणली. पायाने चालवायची, बिडाच्या स्टँडची, काळी उषा मशीन. फ्लॅटच्या बाल्कनीत दोन वर्षे कपड्याखाली झाकून होती. मग कोरोना आला, टाळेबंदी आली, घरात साफसफाई सुरू झाली, आणि बायको म्हणाली, गंजून जाण्यापेक्षा कोणाच्या कामी तरी येऊ द्या. तिचे बरोबर होते. मी जुन्या वस्तू विकण्याच्या एका अॅपवर फोटो टाकला. किंमत लिहिली 4,500 रुपये. 2020 ची दिवाळी चार-पाच दिवसांवर होती.

अर्ध्या तासात फोन आला. "जय हिंद सर, मैं कामठी से बोल रहा हूँ." छावणीत आहे म्हणाला. बदली झाली, बायकोला शिवणाचा नाद आहे, मशीन हवी. आवाज नम्र. मागून कवायतीसारखा काहीतरी आवाजही येत होता, की मला तसे वाटले, आता सांगता येत नाही. त्याने व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र पाठवले, गणवेशातला फोटो पाठवला, कँटीनचे कार्ड पाठवले. आपल्या भागातली कितीतरी पोरे सैन्यात आहेत, पोलिसात आहेत. कामठी म्हटल्यावर तर आपल्याला घरचेच वाटते. माझी मान थोडी आदरानेच झुकली.

इथे मी एक गोष्ट सोडली, ती तुम्ही सोडू नका. त्या माणसाने भाव केला नाही. आपल्या बाजारात मेथीची जुडी घेणारा माणूससुद्धा दोन रुपये कमी करायला सांगतो. हा 4,500 ची जुनी मशीन न पाहता, "ठीक है सर" म्हणून मोकळा झाला. शिंप्याच्या मुलाला तरी हे खटकायला हवे होते.

मग तो म्हणाला, फौजेचे खाते आहे, त्यातून पैसे थेट जात नाहीत, आधी तपासणी होते. मी एक कोड पाठवतो, तो स्कॅन करा, पाच रुपये येतील. कोड आला. मी स्कॅन केला. पिन मागितला. मी पिन टाकला. पाच रुपये गेले, आणि मिनिटभरात दहा रुपये आले. "देखा सर? हमारा सिस्टीम डबल करके वापस करता है." आता मोठ्या रकमेचा कोड आला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते, 4,500 प्राप्त करा. मी स्कॅन केला, पिन टाकला. 4,500 गेले. तो म्हणाला, अडकले, पुन्हा करा, म्हणजे दोन्ही मिळून परत येतील. पुन्हा 4,500 गेले. मग म्हणाला, आता 9,000 चा करा, हिशेब एकदम मिटतो. तोही केला. त्यानंतर त्याने 18,000 चा कोड पाठवला, तेव्हा मला जाग आली. तोवर 18,000 गेले होते. घड्याळात पाहिले. पहिल्या फोनपासून अर्धा तासही झाला नव्हता.

त्याच आठवड्यात मी आमच्या शाखेत ग्राहकांना सांगितले होते की पिन कोणाला सांगू नका. मी तरी कुठे सांगितला? मी तो स्वतःच्या हाताने टाकला.

आता हे घडते कसे, ते सांगतो, कारण हे कळले की पुढचे शंभर प्रकार आपोआप कळतात. आपल्या पानठेल्यावर, किराणा दुकानात जो चौकोनी कोड चिकटवलेला असतो, तो दुकानदाराचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर पैसे पाठवायचे. त्या चौकोनात रक्कमही आधीच भरून ठेवता येते आणि सोबत काय मजकूर दिसावा तेही लिहिता येते. ठगाने स्वतःचा पत्ता, 4,500 ही रक्कम आणि 'प्राप्त करा' हे शब्द भरून चौकोन बनवला. शब्द काही करत नाहीत. मी उद्या माझ्या सायकलवर 'विमान' लिहिले तर ती उडणार नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले तेव्हापासून हा नियम एकदाही बदललेला नाही: पिन फक्त पैसे जाताना आणि शिल्लक पाहताना लागतो. घरी कोणी पैसे द्यायला आले तर तुम्ही तिजोरीची किल्ली त्याच्या हातात देता का? तेच आहे हे.

आणि पाच रुपयांचे दहा का आले? त्याच्या कुठल्यातरी खात्यातून त्याने पाठवले. मासा पकडायचा तर गळाला गांडूळ लावावेच लागते.

तुम्ही विचाराल, स्क्रीनवर 'पे' लिहिलेले दिसले नाही का? दिसले. हेच तर सांगायचे आहे. दिसले, आणि तरी बोट दाबले गेले, कारण तो पूर्ण वेळ फोनवर बोलत होता. एक सेकंद शांतता दिली नाही. हां सर, अब हरा बटन, हां सर, अब पिन. फोन स्पीकरवर, डोळा स्क्रीनवर, कान त्याच्याकडे. माणूस ऐकता ऐकता वाचू शकत नाही. मी फोन ठेवून फक्त पाणी प्यायला उठलो असतो तर वाचलो असतो.

हे ठग कुठे बसतात, याचे एक ठिकाण वर्तमानपत्रांत पुष्कळदा आले आहे. हरियाणातला नूह जिल्हा, त्याला लागून राजस्थानचा भरतपूर-डीगचा भाग आणि उत्तर प्रदेशातला मथुरेचा काठ. मेवात म्हणतात त्याला. एप्रिल 2023 मध्ये हरियाणा पोलिसांनी एका रात्री नूहमधल्या 14 गावांवर छापे घातले, पाच हजार पोलीस घेऊन. देशभरातल्या सुमारे 28 हजार लोकांची 100 कोटींच्या आसपास फसवणूक झाल्याचे नंतर पोलिसांनी सांगितले. ही गावे आपल्यासारखीच आहेत. शेती, म्हशी, बेकार पोरे. फरक एवढाच की तिथल्या काही पोरांना हा धंदा सापडला. फौजी बनून विकणारेही तिथलेच, फौजी बनून विकत घेणारेही तिथलेच. ओळखपत्रे बहुतेकदा खऱ्या जवानांची असतात, कुठल्यातरी व्यवहारात त्यांनी पाठवलेली, चोरलेली. म्हणजे ओळखपत्र खरे, माणूस खोटा. आणि मोठ्या माणसांची मुलेही यातून सुटली नाहीत. 2021 मध्ये दिल्लीत एका फार मोठ्या राजकीय नेत्याच्या घरात जुना सोफा विकताना 34 हजार गेले होते. तेव्हा वर्तमानपत्रात वाचून मला, खोटे का बोला, जरा बरे वाटले होते.

पण मी आज इथे उभा आहे ते माझ्या 18 हजारांसाठी नाही.

मी कोणाला सांगितले नाही. पोलिसांत गेलो नाही. बँकेत तर नाहीच, सहकाऱ्यांना कळले असते तर निवृत्तीपर्यंत चहाच्या वेळी तोच विषय झाला असता. घरी सांगितले की मशीनला गिऱ्हाईक मिळाले नाही. आणि आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी बँकवाला म्हणून मिरवतच होतो. आठवड्याला एक 'सावधान' असा संदेश पुढे ढकलायचा. कुठूनतरी आलेला, हात जोडलेला, खाली तिरंगा.

2021 चा फेब्रुवारी. आपला एक मित्र, मार्डीकडचा, आज इथे समोर बसला आहे. त्याने मला परवानगी दिली आहे म्हणूनच सांगतो. नाव मात्र घेणार नाही, तुम्हाला माहीतच आहे. त्याने रात्री आठच्या सुमारास ग्रुपवर लिहिले, मोटारसायकल विकली, मिलिटरीवाला माणूस भेटला, भाव पण केला नाही, उद्या गाडी न्यायला येतो, आज अॅडव्हान्स टाकून रायला. खाली आपण सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मी तो संदेश वाचला. ताटावर बसलो होतो. 'भाव पण केला नाही' हे वाचले आणि घास हातातच राहिला. मला सगळे कळले होते. जगात त्या क्षणी त्याला वाचवू शकणारा, आणि काय चालले आहे हे पक्के माहीत असणारा, असा मी एकटाच होतो. फोन उचलायचा आणि सांगायचे, थांब. पण थांब म्हटले की तो विचारणार, तुले कसं माहीत? मी मनात उत्तर जुळवत बसलो. बँकेत एका ग्राहकाचे असे झाले असे सांगू का? त्यापेक्षा सकाळी करू. घाई कशाला, गाडी तर उद्या न्यायची आहे.

सकाळी साडेनऊला फोन केला. त्याने उचलला आणि काहीच बोलला नाही. रात्री पावणेनऊला 14 हजार गेले होते, आणि ते परत आणायच्या नादात आणखी 14 हजार. 28 हजार. धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे बाजूला काढलेले होते. मोटारसायकल अंगणात उभीच होती.

तो पोलीस ठाण्यात गेला, तक्रार लिहून घेतली, पण पैसे तोवर तीन-चार खात्यांतून फिरून कुठल्यातरी एटीएममधून निघून गेले होते. पोरीची फी त्याने सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भरली. त्या उचलीवर त्याने काय दिले ते त्याने मला सांगितले आहे. मी इथे सांगत नाही.

मी त्याला खरी गोष्ट या वर्षी मे महिन्यात सांगितली, त्याच्या घरी ओसरीवर बसून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू तवाच बोलला असता त मी फसलो नसतो. पण मले एक सांग, तू मास्तर लोकायले भेला का आमाले भेला?" मला उत्तर देता आले नाही. मग त्याची बायको आतून म्हणाली, "जाऊ द्या ना जी, चहा थंडा होऊन रायला."

म्हणून आयोजकांना विषय बदलून मागितला.

आता थोडे कामाचे बोलतो.

सगळ्यात पहिले, 1930 हा नंबर. आमच्या वेळी तो नव्हता, 2021 च्या एप्रिलमध्ये आधी 155260 आला, मग त्याचा 1930 झाला. पैसे गेले की रडायच्या आधी, घरच्यांना सांगायच्याही आधी हा नंबर लावा. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या ज्या खात्यातून फिरत आहेत त्या बँकांपर्यंत लगेच पोचते आणि खात्यात जे उरले असेल ते गोठवले जाते. उरले असेल तर, हे लक्षात ठेवा. पहिला तास सोन्याचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला लावून उपयोग नाही. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार देता येते. आपल्या बँकेलाही लगेच सांगा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

बँक पैसे परत देईल का? हा प्रश्न मला शाखेत रोज विचारायचे. 2017 चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आहे: तुमची चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले तर तुमच्यावर भार नाही. पण पिन तुम्हीच टाकला असेल, तर ती तुमचीच चूक धरली जाते. बँकेत बसून मी हे लोकांना शांतपणे सांगायचो. स्वतःच्या बाबतीत ते वाक्य आठवले तेव्हा मी ते किती कोरडेपणाने म्हणत होतो हे कळले.

एक चांगली गोष्ट झाली आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. 'विनंती स्वीकारा, पैसे येतील' असे सांगून फसवायचा मोठा रस्ता त्यामुळे बुजला. पण कोडचा रस्ता आहेच. आणि दुसरा एक आहे, तो दुकान असलेल्यांनी ऐकावा. गिऱ्हाईक मोबाइलवर हिरवी खूण दाखवतो, पैसे गेले म्हणतो, आणि ती खूण खोट्या अॅपची असते. किंवा तुमच्या मोबाइलवर संदेश येतो, तुमच्या खात्यात 5,000 जमा, आणि लगेच फोन, चुकून 500 ऐवजी 5,000 गेले, बाकीचे परत करा. संदेश बँकेचा नसतो, एका साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो. संदेश पाहू नका, खाते पाहा.

हाच प्रकार आपल्या वर्गातली, आता न्यू जर्सीत असलेली मैत्रीण सांगत होती, पण चेकने. तिने घर बदलताना जेवणाचे टेबल विकायला काढले, 400 डॉलर. गिऱ्हाइकाने 1,900 डॉलरचा चेक पाठवला, बँकेचा असावा तसा, छापील, सहीचा. जास्तीचे पैसे सामान उचलणाऱ्याला पाठव म्हणाला. तिने चेक भरला, तिसऱ्या दिवशी खात्यात रक्कम वापरायला मिळाली. तिथे 1987 चा कायदा आहे, ठराविक दिवसांत बँकेला पैसे वापरायला द्यावेच लागतात. चेक खरा की खोटा हे मात्र पुढे कळते, कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी. खोटा निघाला की बँक पूर्ण रक्कम परत काढून घेते, आणि सामान उचलणाऱ्याला पाठवलेले तुमच्या खिशातले. ती पैसे पाठवणारच होती. तिच्या मुलाने थांबवले. तो म्हणाला म्हणे, आई, चारशेच्या टेबलाला कोणी एकोणीसशे देतो का? पुन्हा तेच. भाव न करणारा गिऱ्हाईक.

आपल्याकडे चेक वटल्याशिवाय साधारणपणे पैसे हातात देत नाहीत, म्हणून तो प्रकार इथे तसाच चालत नाही. पण चेकने फसलेले आपल्याकडे कमी नाहीत, तुम्हाला मी काय सांगावे. नोटाबंदीच्या वर्षी, 2016 च्या नोव्हेंबरात, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत व्यापाऱ्यांकडे रोख नव्हती. चेकने घ्या म्हणायचे, रोख हवी तर भाव कमी. मी तेव्हा शाखेत होतो. म्हातारी माणसे चेक धोतराच्या सोग्यात बांधून आणायची आणि काउंटरवर सोडून द्यायची. न वटलेले चेकही पाहिले. एकजण तो चेक माझ्यासमोर उलटासुलटा करून पाहत होता, जणू दुसऱ्या बाजूला पैसे असतील. चेक परत आला तर 1881 च्या कायद्याचे कलम 138 आहे, 1989 पासून. बँकेने चेक परत केल्याची चिठ्ठी मिळाली की 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, मग समोरच्याला 15 दिवस मिळतात, तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ही मुदत चुकली तर कोर्टाला कारण पटवून द्यावे लागते. म्हणून चिठ्ठी घरी आणून देवघरात ठेवू नका.

एक डाव शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आधी खेळतात. गाडी किंवा ट्रॅक्टर विकणाऱ्याला सांगतात, तुमच्या खात्यात चेक भरला, ही पावती, हा मोबाइलवर आकडा. खात्यात एकूण शिल्लक दिसते, पण ती वापरता येण्याजोगी नसते. गाडी शनिवारी जाते, चेक सोमवारी परत येतो. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक काही तासांत वटवण्याची नवी पद्धत आली आहे, त्यामुळे हा डाव कठीण होईल, पण माणसे नवा काढतील. गाडीची किल्ली आणि कागद एकाच वेळी, आणि तेही पैसे खात्यातून काढता येतात हे शाखेत विचारून, मगच द्या.

आणखी एक बोलतो, ते आपल्या पोरांबद्दल. आमच्या पैशांनी तीन-चार खात्यांतून प्रवास केला असे म्हणालो. ती खाती कोणाची असतात? आपल्याच गावांतल्या पोरांची. कोणीतरी सांगतो, तुझे खाते महिनाभर दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, पाच हजार घे. पोरगा कॉलेजचा, त्याला वाटते आपले काय जाते. खाते त्याच्या नावावर, आधार त्याचे, आणि पोलीस दारात येतात तेही त्याच्याच. माझ्या शाखेत अशी खाती गोठलेली मी पाहिली, आणि बाहेर बाकावर बसलेले बापही पाहिले. तुमच्या घरात नातू असेल, पुतण्या असेल, त्याला आज घरी गेल्यावर विचारा. रागावून नाही. गप्पांत विचारा.

रागावून विचारले की माणूस लपवतो. मला कोणी रागावलेही नव्हते, तरी मी लपवले. आपल्या वर्गात गणिताचे सर एखाद्याला फळ्यापाशी उभा करून विचारायचे, चुकले कुठे ते दाखव. मारायचे नाहीत. सर आज इथे आहेत. सर, मी त्या वेळी फळ्यापाशी आलोच नाही, मागच्या बाकावर बसून राहिलो.

मशीनचे काय झाले, ते सांगायचे राहिले. ती विकली गेली. मे महिन्यात मार्डीला गेलो तेव्हा त्या मित्राची बायको म्हणाली, अंगणवाडीच्या पोरांचे कपडे शिवायचे काम मिळते, पण मशीन नाही. मी म्हणालो, बाबांची आहे, तशीच घेऊन जा. तो ऐकेना. "फुकट नाई पायजे. भाव सांग." मी 4,500 म्हणालो. त्याने 3,000 सांगितले. मी 4,000 म्हणालो. अर्धा तास भाव चालला आणि 3,500 ला ठरले. रोख दिले. मी नोटा दोनदा मोजल्या, बँकेची सवय. जूनमध्ये नागपूरहून मालवाहू ऑटोत घालून मशीन घेऊन गेलो तेव्हा मधेच मारेगावच्या बाजारात थांबलो. टपरीच्या जागी आता मोबाइल रिचार्जचे दुकान आहे.

जेवणाची वेळ झाली, वास येऊन राहिला आहे. जेवण झाल्यावर मी शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली बसणार आहे. ज्याला आपला मोबाइल दाखवून काही विचारायचे असेल, कुठला संदेश आला असेल, कुठली रक्कम गेली असेल, कितीही जुनी, त्याने यावे. बाजूला कोणी नसेल. पिन मात्र मलाही सांगू नका.